ज्वारी, ल्युसिन आणि तारनाक्याची प्रयोगशाळा

(शताब्दी महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने ग्रंथालयाच्या शताब्दीत बोलायचे म्हणजे संतसाहित्य, नवकाव्य, फार तर दखनीचा मराठीशी असलेला ऋणानुबंध, अशी आपली अपेक्षा असणार. तेव्हा आजच्या विषयात 'ॲमिनो आम्ल' हा शब्द पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. त्याबद्दल माझे निवेदन एवढेच की, मराठी वाङ्मयाच्या कक्षेतून शास्त्र कधीच वगळलेले नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक सुरू केले तेव्हा भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास हे विषय मराठीतून सांगणे हाच त्यांचा हेतू होता. अलीकडे आपण ललित वाङ्मयालाच वाङ्मय म्हणू लागलो आणि शास्त्राची पुस्तके कपाटाच्या तळच्या फळीवर गेली. आज त्या फळीकडे थोडे वाकून पाहावे अशी माझी इच्छा आहे.

विषय निवडण्यास दुसरेही कारण आहे. आपण जेथे बसलो आहोत तो बेगम बाजार म्हणजे या शहराचे कोठार. डाळी, गूळ, सुकामेवा, मसाले यांची ठोक विक्री येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. थोड्या अंतरावर उस्मानगंज, पलीकडे अफजलगंज, आणि तेथे मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची भव्य वास्तू. एका बाजूला अन्नाचा बाजार, दुसऱ्या बाजूला रोग्यांची रांग. या दोहोंना जोडणारे एक संशोधन याच शहरात, तारनाक्याच्या प्रयोगशाळेत झाले. त्याचे नाव जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. मात्र ज्यांच्या ताटातल्या भाकरीविषयी ते होते, त्या आपल्या घरांत ते फारसे पोहोचले नाही. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण ज्ञानालाही लागू पडते, ती अशी.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. आपल्या शरीरातील स्नायू, रक्तातील लाल द्रव्य, पचनाचे रस हे सारे प्रथिनांचे बनलेले असते. मराठीच्या वर्णमालेतील मोजक्या अक्षरांपासून जसे ज्ञानेश्वरीपासून तमाशाच्या वगापर्यंत सर्व काही लिहिता येते, तशी निसर्गाने वीस ॲमिनो आम्लांच्या जुळणीतून ही असंख्य प्रथिने रचली आहेत. या विसांपैकी नऊ आम्ले प्रौढ माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांना आवश्यक ॲमिनो आम्ले म्हणतात. आज ज्यांच्याविषयी बोलायचे ती ल्युसिन, आयसोल्युसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तिन्ही या नवांतलीच आहेत. ल्युसिनचा शोध १८१९-२० च्या सुमारास फ्रान्समध्ये लागला. शुभ्र स्फटिकांमुळे 'श्वेत' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. ट्रिप्टोफॅन १९०१ मध्ये इंग्लंडमधील हॉपकिन्स यांनी वेगळे काढले.

आता एका रोगाची कथा. १७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल नावाच्या वैद्याने गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र विकार पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावर, म्हणजे हातांवर, पायांवर आणि गळ्याभोवती हार घातल्याप्रमाणे, कातडी काळवंडे, खरखरीत होई आणि सोलून निघे. पुढे जुलाब लागत, झोप उडे, मन उदास होई. कित्येकांना भ्रम होई आणि शेवटी मृत्यू येई. इटलीत याला 'पेलाग्रा', म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव मिळाले. जेथे जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर भरू लागले, तेथे तेथे हा रोग मागोमाग गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने थैमान घातले. बहुतेक डॉक्टरांना तो संसर्गजन्य वाटे. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी वैद्याचे मत निराळे होते. वेड्यांच्या इस्पितळांत आणि अनाथाश्रमांत रोग्यांना हा विकार होतो, पण तेथल्या नोकरांना होत नाही, हे त्याने हेरले. १९१५ मध्ये मिसिसिपीतील एका तुरुंगातल्या अकरा निरोगी कैद्यांना, त्यांच्या संमतीने आणि सुटकेच्या बोलीवर, त्याने मका-साखरेचे निकृष्ट अन्न दिले. अकरापैकी सहाजणांना पेलाग्रा झाला. तरीही टीकाकार ऐकेनात, तेव्हा त्याने स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या शरीरात रोग्यांचे रक्त टोचून घेतले. कोणालाही रोग झाला नाही. १९२९ मध्ये तो वारला. अन्नात उणे असलेला नेमका पदार्थ कोणता, हे त्याच्या हयातीत कळले नाही. १९३७ मध्ये एल्व्हेयेम यांनी दाखविले की तो नायसिन, म्हणजे ब गटातील एक जीवनसत्त्व आहे.

येथे एक कोडे उरले. दुधात नायसिन अगदी थोडे असते, तरी दुधाने पेलाग्रा बरा होतो. १९४५ मध्ये त्याचा उलगडा झाला. आपले शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन तयार करू शकते आणि दुधात ट्रिप्टोफॅन भरपूर असते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन मिळते. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, आणि जे नायसिन आहे ते अशा बांधलेल्या रूपात की आतड्यांना ते मिळत नाही. मक्याचे मूळ घर असलेल्या मेक्सिकोत मात्र लोक चुन्याच्या निवळीत मका शिजवून मग दळतात. त्यामुळे बांधलेले नायसिन मोकळे होते. या सुगृहिणींना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्यांच्या चुलीला ते ठाऊक होते. मका युरोपात गेला; चुना मागे राहिला.

आता आपल्या दख्खनकडे येऊ. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक लहानसे केंद्र उघडले होते. त्यातून वाढलेली पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ च्या सुमारास हैदराबादेत तारनाक्याला आली आणि १९६९ पासून 'राष्ट्रीय पोषण संस्था' या नावाने ओळखली जाऊ लागली. डॉ. सी. गोपालन हे तिचे दीर्घकाळ संचालक होते. २०१९ मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या मंडळींना येथल्या रुग्णालयांत पेलाग्राचे रोगी दिसू लागले, आणि हे रोगी मका खाणारे नव्हते. ते ज्वारी खाणारे होते. ज्वारी म्हणजे मराठवाड्याची 'जवारी', तेलंगणाची 'जोन्ना'. आपल्यापैकी नांदेड, परभणी, बीड, लातूरकडून आलेल्या घरांचे तर ते मूळ अन्न. ज्वारीतील नायसिन तांदळापेक्षा कमी नसते, ट्रिप्टोफॅनही मक्याइतके तोकडे नसते. मग भात खाणाऱ्याला जो रोग होत नाही, तो भाकरी खाणाऱ्याला का व्हावा?

डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'द लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात याचे उत्तर मांडले. मका आणि ज्वारी यांच्यात एक साम्य होते. दोहोंच्या प्रथिनांत ल्युसिनचे प्रमाण फार मोठे असते. तांदळाच्या प्रथिनात ते ८ टक्क्यांच्या आसपास, तर ज्वारीत १२-१३ टक्के. शिवाय ज्वारीत आयसोल्युसिन त्या मानाने कमी. या असमतोलामुळे ट्रिप्टोफॅनपासून नायसिन तयार होण्याच्या आणि ते वापरले जाण्याच्या मार्गात अडथळा येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील वर्षांत डॉ. भवानी बेलवाडी, डॉ. कमला कृष्णस्वामी आदी सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. ल्युसिन वाढविलेल्या आहाराने कुत्र्यांमध्ये पेलाग्रासदृश 'काळी जीभ' हा विकार उत्पन्न झाला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, आयसोल्युसिन दिल्यावर रोग्यांच्या त्वचेत आणि मेंदूच्या विद्युत्‌लेखात सुधारणा दिसल्याचे नमूद झाले. ब६ या जीवनसत्त्वाचाही या व्यवहारात वाटा आहे, हेही पुढे आले.

शास्त्रात कोणताही सिद्धान्त वादावाचून राहत नाही, आणि राहूही नये. पुढे १९७० आणि १९८० च्या दशकांत परदेशांतील काही प्रयोगांत ल्युसिनचा असा ठळक परिणाम आढळला नाही. एकटे ल्युसिन हे पेलाग्राचे पुरेसे कारण मानता येत नाही, तर अगोदरच नायसिन आणि ट्रिप्टोफॅन बेताचे असलेल्या आहारात ते भर घालते, असे आज सावधपणे म्हणता येईल. तथापि या संशोधनाने एक मौलिक विचार दिला. अन्नात काय कमी आहे एवढेच पाहून भागत नाही. कशाच्या तुलनेत काय जास्त आहे, तेही पाहावे लागते. 'अति तेथे माती' हे आपल्या पूर्वजांचे वचन रेणूंच्या पातळीवरही खरे ठरते.

मित्रहो, या कथेतील सर्वांत करुण भाग मनोविकाराचा आहे. पेलाग्राच्या रोग्याला निद्रानाश होतो, तो चिडचिडा होतो, खिन्न होतो, काही वेळा त्याला भ्रम होतात. अशा किती शेतमजुरांना, किती स्त्रियांना लोकांनी वेडे ठरविले असेल, बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेले असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. काहींची रवानगी मनोरुग्णालयात झाली. त्यांना हवे होते ते स्वस्तातले एक जीवनसत्त्व आणि भाकरीबरोबर वाटीभर डाळ. योग्य उपचाराने पेलाग्राची मानसिक लक्षणे पुष्कळदा काही दिवसांतच ओसरू लागतात. ज्याला आपण नशीब किंवा स्वभाव म्हणतो त्यातले काही केवळ उपाशी शरीराचे बोल असतात, ही जाणीव मला कोणत्याही शोकांतिकेइतकी अस्वस्थ करते.

याचा अर्थ ज्वारी वाईट, असा कोणी घेऊ नये. ज्वारी दोषी नाही, ज्वारीचे एकटेपण दोषी आहे. ताटात भाकरी, मीठ-मिरची आणि वर पाणी एवढेच असेल, आणि तेही वर्षानुवर्षे, तेव्हा रोग शिरतो. आपल्या परंपरेतील संपूर्ण ताट आठवून पाहा. भाकरीबरोबर पिठले, तुरीची आमटी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वाडगाभर ताक. यांतील प्रत्येकाला आता शास्त्राची साक्ष आहे. शेंगदाण्यात नायसिन विपुल असते, १०० ग्रॅममध्ये सुमारे १२ मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढाच्या दिवसाच्या गरजेचा मोठा भाग. ताकातून ट्रिप्टोफॅन मिळते. धान्यांत लायसिन हे आवश्यक आम्ल अपुरे असते, ते डाळी भरून काढतात. डाळींत मेथिओनिन कमी पडते, ते धान्ये देतात. वरणभात आणि पिठले-भाकरी हे विवाह कोणी आहारतज्ज्ञाने जुळविलेले नाहीत. पण ते टिकले, कारण त्यांनी माणसे टिकविली.

आज शहरातील रुग्णालयांत पेलाग्रा विरळा झाला आहे. आहारात विविधता आली. १९८३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोचा तांदूळ आला आणि गरिबांच्या घरी ज्वारीची जागा भाताने घेतली. तरी हा रोग पूर्णपणे गेलेला नाही. अतिमद्यपान करणाऱ्यांत तो आढळतो, तसेच क्षयावरील आयसोनियाझिड या औषधामुळेही क्वचित होऊ शकतो. घरात असे कोणी असेल आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर दोन्ही बाजूंना सारखे डाग, जुलाब आणि मनाची चलबिचल एकत्र दिसली, तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. मात्र क्षयाचे औषध स्वतःच्या मनाने कदापि थांबवू नये.

गंमत अशी की, ज्या ल्युसिनवर साठ वर्षांपूर्वी याच शहरात आरोप ठेवला गेला, तेच आज रंगीत डब्यांतून, मोठ्या किमतीला, आरोग्याचे अमृत म्हणून विकले जाते. महाविद्यालयात माझ्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांत व्यायामशाळेत जाणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पिशवीत पुस्तक असो वा नसो, चूर्णाची बाटली असते. तेव्हा या दाव्यांत तथ्य किती, ते पाहू.

तथ्य आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. स्नायूंत नवे प्रथिन बनण्याची जी यंत्रणा आहे, तिला चालना देण्यात ल्युसिनचा वाटा प्रमुख आहे, हे अलीकडच्या संशोधनाने सिद्ध झाले आहे. वयोमानाने स्नायू झिजतात. वृद्धांना तीच चालना मिळण्यासाठी तरुणांपेक्षा अधिक प्रथिन लागते. अन्य ॲमिनो आम्लांचेही वैद्यकात मानाचे स्थान आहे. सिस्टिन या आम्लापासून केलेले औषध पॅरासिटामॉलच्या विषबाधेत यकृत वाचविते. उलट काही बालकांना जन्मतःच एखादे आम्ल पचविता येत नाही. १९३४ मध्ये नॉर्वेतील फ्योलिंग यांनी फेनिलअलानिनसंबंधीचा असा विकार ओळखला. वेळीच ते आम्ल बेतून दिलेला आहार मिळाला तर मूल मतिमंद होण्यापासून वाचते. १९५४ मध्ये वर्णिलेल्या दुसऱ्या एका विकारात तर खुद्द ल्युसिनच बालकाला विषवत होते. तात्पर्य, तोच पदार्थ एकाला औषध, दुसऱ्याला अन्न आणि तिसऱ्याला विष.

म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून सुटी आम्ले घेण्यात धोका आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत झोपेसाठी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंच्या तीव्र वेदनांचा एक विलक्षण रोग झाला, आणि तिसाहून अधिक दगावले. एकाच कारखान्यातून आलेल्या मालाशी, त्यातील अशुद्धतेशी त्याचा संबंध जोडला गेला. गोळ्या घेणारे तसे निरोगीच होते. हवी होती ती फक्त शांत झोप.

आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे नव्याने प्रसिद्ध केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची चूर्णे टाळावीत, असा स्पष्ट सल्ला त्यांत आहे. प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, जोडीला दूध-दही, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी-मासे, एवढ्याने ते साधते. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांनी तर प्रथिनाचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

येथे एका मराठी विद्वानाचे स्मरण करणे माझे कर्तव्य आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत दोन दशके सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. गरीब देशांतील कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या टंचाईत आहे, असे जगभर मानले जात होते. चूर्णे, गोळ्या, लायसिन मिसळलेले पीठ अशा योजनांचा गवगवा होता. सुखात्मे यांनी आकडेवारीने दाखविले की भारतात नुसत्या प्रथिनाची उणीव क्वचित असते. पोटभर अन्नच मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे. पोट अर्धे रिकामे असेल तर शरीर खाल्लेले प्रथिन इंधन म्हणून जाळून टाकते. डॉ. गोपालनही मुलांच्या कुपोषणाच्या अभ्यासातून त्याच दिशेने पोहोचले होते.

त्याच विचारातून तारनाक्याच्या संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक साधे मिश्रण सुचविले, जे 'हैदराबाद मिक्स' म्हणून ओळखले जाते. भाजलेला गहू ४० ग्रॅम, भाजलेली हरभऱ्याची डाळ १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम, आणि गूळ २० ग्रॅम. त्यातून सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिन मिळते. यातील प्रत्येक जिन्नस या ग्रंथालयाच्या पायरीवरून उतरून चार पावलांवर विकत मिळतो. जगाच्या बाजारातील चकचकीत डब्याला बेगम बाजाराने दिलेले हे उत्तर आहे, असे मी मानतो.

शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली, येथे बसलेल्या प्रत्येक गृहस्थाला आणि गृहिणीला. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या ताटाकडे एकदा नीट पाहा. दात गेले, भूक मंदावली, एकट्यापुरते काय करायचे म्हणून आजी दुपारी चहात भाकरीचा तुकडा बुडवून खाते, आजोबा रात्री दूध-पोहे खाऊन झोपतात. त्यांचे खाणे असे सुटेसुटे होते, आणि मग झिजलेले अंग, उदास मन, गेलेली झोप या सर्वांना आपण 'वय झाले' एवढेच नाव देतो. आवाराबाहेरच्या डब्यावर पैसे घालण्यापूर्वी त्यांच्या ताटात मऊ वरण, दही, दाण्याचे कूट आहे का ते पाहा, आणि शक्य तर त्यांच्या शेजारी बसून जेवा. माणूस एकटा जेवू लागला की ताटही एकटे पडते.

दुसरी विनंती ग्रंथालयाच्या चालकांना. शंभर वर्षे आपण उर्दू आणि तेलुगूच्या सहवासात मराठीचा दिवा तेवत ठेवला, हे मोठेच कार्य आहे. दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना दरवर्षी एक व्याख्यान या शहरातील प्रयोगशाळांत होणाऱ्या कामाविषयी, सोप्या मराठीत, ठेवावे. आणि आहार व आरोग्यविषयक मराठी पुस्तकांचे कपाट दर्शनी भागात आणावे. पहिल्या व्याख्यानासाठी तारनाक्याच्या संस्थेतील एखाद्या मराठी जाणणाऱ्या संशोधकास निमंत्रण द्यावे. ते पत्र लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करतो.